जेटीवर ऊन कधी येतं

क्लुबविक, ३ नोव्हेंबर १९४७

प्रिय गुरीने मावशी,

तुझे मोजे मिळाले. डावा मोजा उजव्यापेक्षा बोटभर लांब आहे. तुझ्या हातून असं कधी होत नाही म्हणून लिहिते, तक्रार नाही. उबदार आहेत.

इथला सूर्य आता वर चढायचं विसरला आहे. अकराच्या आसपास खाडीपलीकडच्या डोंगरामागून निघतो, आडवा आडवाच चालतो आणि दोनच्या आत मावळतो. डोंगराला इथे सगळे घोडाच म्हणतात, कारण तो तसाच दिसतो: मान खाली घातलेली, मध्ये खोगीर ठेवायची खोलगट पाठ आणि मग रुंद पुठ्ठा. अजून तीन आठवड्यांनी सूर्य घोड्यामागे जाईल आणि जानेवारी संपत येईपर्यंत दिसणार नाही. दुपारी बर्फावर जो निळा उजेड पडतो तो तुला दाखवायला हवा. पाण्याखालून आपण वर पाहतो आहोत असं वाटतं. शाळेतली मुलं त्या उजेडात हळू बोलतात, मी न सांगता.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते सांगते, आणि तू नीट वाच, कारण मला रात्रीची झोप लागत नाही.

मी ज्यांच्याकडे राहते त्या ओलाउगकाकू आणि हार्टविगकाका यांना नवीन घर मिळणार आहे. युद्धाच्या शेवटी जर्मनांनी जाताना सगळं गाव जाळलं तेव्हा त्यांचं जुनं घरही गेलं, आणि त्या जागेवरून आता रस्ता जाणार. नव्या गावाच्या नकाशात दोनच जागा उरल्या आहेत, एक जेटीजवळ, घोड्याच्या पुठ्ठ्यासमोर, आणि एक ओढ्याकाठी, खोगिरासमोर. वर्ष संपायच्या आत कागदावर सही करायची आहे. काकांना जेटी हवी. ते मच्छीमार. गावात परतताना जर्मनांनी पेरून ठेवलेला सुरुंग फुटला आणि त्यांच्या मांडीचं हाड नीट बसलंच नाही. दोन काठ्यांवर खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातात, पण पुढच्या उन्हाळ्यात होडी काढणार असं रोज म्हणतात. काकूंना फक्त ऊन हवं. दोन हिवाळे दक्षिणेत परक्यांच्या तळघरात काढल्यावर त्यांनी ठरवलं आहे, की ओट्याशी उभं राहिल्यावर तोंडावर ऊन यायला हवं, बाकी घर कसंही असो.

दोघांचं वाजलं. शेवटी काका म्हणाले, मेणबत्तीच्या सणापर्यंत, म्हणजे दोन फेब्रुवारीपर्यंत, जेटीवर ऊन आलं तर घर जेटीवर. नाही आलं तर तू म्हणशील तिथे. जुनी माणसं म्हणायचीच, की मेणबत्तीच्या सणापर्यंत ज्या दारात ऊन नाही त्या दारात पाळणा ठेवू नये.

पण सही डिसेंबरात, आणि ऊन फेब्रुवारीत. गावात विचारलं तर एक म्हणतो पंचवीस जानेवारी, दुसरा म्हणतो दहा फेब्रुवारी. ज्याच्या त्याच्या खुणा वेगळ्या होत्या, कुणाची पायरी, कुणाची चिमणी, आणि त्या सगळ्या जळाल्या. काकांना विचारलं तर म्हणाले, मी माशांकडे बघत होतो, सूर्याकडे नाही. मग माझ्याकडे वळून, "मास्तरीणबाई, तू दीपगृहात शिकलीस ना? सांग बघू हिशेब करून. घोड्याच्या ढुंगणावरून सूर्य कधी उगवतो ते."

मी कोनमापकाला दोरा आणि शिसं बांधून पुठ्ठ्याची उंची मोजली. तीन वेळा मोजली, तीन उत्तरं आली. अर्ध्या अंशाची चूक म्हणजे इथे दोन दिवस. माझ्या आकड्यावर एक बाई उरलेलं आयुष्य उन्हात किंवा सावलीत काढणार आहे. काय करू?

तुझी
टोरगुन


ग्रोनशेर दीपगृह, १६ नोव्हेंबर १९४७

टोरगुन बाळ,

आधी जेव. तुझ्या अक्षरावरून कळतं की तू जेवत नाहीस.

आपला सलगम आठवतो का? मी त्याला विणकामाची सुई टोचायची आणि दिव्याभोवती फिरवायची. तू सहा वर्षांची होतीस आणि सुई प्रत्येक वेळी दिव्याकडे झुकवायचीस. मी म्हणायची, नाही, सुई दिव्याला ओळखत नाही, ती सगळी फेरी खोलीतल्या त्या घड्याळ असलेल्या कोपऱ्याकडेच झुकलेली राहते. मग तुला दिसलं, की टेबलाच्या एका बाजूला असताना सुईचं टोक उजेडात न्हातं, आणि दुसऱ्या बाजूला गेलं की सलगम कितीही गरगर फिरवला तरी टोक अंधारातच. तू आता त्या टोकाजवळ राहतेस, बारा अंशांनी माझ्याहून वर. माझ्याकडे सर्वांत लहान दिवशीही सूर्य दुपारी समुद्रावर हातभर येतो. तुझ्याकडे तो त्याच वेळी समुद्राखाली असतो. अंतर तेवढंच, बारा अंश. इथे मला स्वयंपाकघरात दिवा लावायचा की नाही एवढाच प्रश्न पडतो.

तू घोड्याची उंची मोजू नकोस. थंड हवा किरणांना वाकवते, बर्फ कडा बदलतो, आणि तुझा दोरा वाऱ्यावर हलतो. सूर्यालाच विचार. तो नाही, तर त्याच्या जागी दुसऱ्याला उभं कर.

चंद्र महिन्याभरात ती सगळी वाट चालतो जी सूर्य वर्षभरात चालतो. म्हणून हिवाळ्यातली पौर्णिमा डोक्यावर चढते आणि उन्हाळ्यातली लोळत जाते. तेव्हा असा दिवस शोधायचा, की चंद्र आकाशात तितकाच दक्षिणेला असेल जितका सूर्य मेणबत्तीच्या सणाला असतो. तो घोड्यावरून कसा जातो ते जेटीवर उभं राहून पाहा. चंद्र दिसला तर सूर्य दिसेल.

नाविकांच्या पंचांगात मी पाहिलं. बुधवार, १७ डिसेंबर. तुमच्या घड्याळात चारला पाच कमी असताना चंद्र बरोबर दक्षिणेला असेल. पाच दिवसांची कोर, त्यामुळे उजेड थोडा पण पुरेसा. आभाळ मोकळं राहो.

एमिलकाका म्हणतात की त्या हार्टविगला आमच्याकडे पाठव, दिव्याची काच पुसायला बसून येतं.

मोज्याचं राहू दे. लोकर ताणली असेल.

तुझी मावशी


क्लुबविक, १८ डिसेंबर १९४७

प्रिय मावशी,

काल झालं. सगळं जसं झालं तसंच लिहिते, काही गाळत नाही.

सकाळभर बर्फ पडत होता. बाराला थांबला. तीनला आभाळ इतकं स्वच्छ झालं की तारे टोचायला लागले. आम्ही ठरवलं होतं, मी जेटीच्या जागेवर उभी राहीन आणि काकू ओढ्याच्या जागेवर, दोघींकडे कंदील, आणि चंद्र दिसला की कंदील डोक्यावर धरायचा. कठीण जागा मी घेतली, कारण काकूंनी तिथे उभं राहून काही सांगितलं असतं तर काका म्हणाले असते, तिला हवं तेच तिला दिसलं. काका आम्ही सध्या राहतो त्या बराकीच्या खिडकीत बसले होते. तिथून दोन्ही कंदील दिसतात.

साडेतीनला घोड्याच्या मानेमागे उजेड पसरायला लागला. दूध सांडल्यासारखा, आणि तो दूध सांडल्यासारखाच डावीकडून उजवीकडे सरकत गेला. खाडी गोठलेली नव्हती, पण इतकी स्तब्ध होती की खाली दुसरा घोडा पाय वर करून झोपला होता. मला थोडा वेळ कळेना कुठला खरा. वाटलं, चंद्र चालत नाही, मीच चालते आहे, सगळं गाव आणि जेटी मला घेऊन हळूच पूर्वेकडे वळते आहे. आणि मावशी, तसंच तर आहे.

मग काकूंचा कंदील वर गेला. त्यांच्यासमोर खोगिराची जागा होती, चंद्र त्यात अलगद बसला होता. त्या कंदील खाली आणेचनात.

माझ्यासमोर पुठ्ठा. चारला पाच कमी, चार, सव्वाचार. पुठ्ठ्याची कड रुपेरी झाली, एकेक गवताचं पातं दिसावं इतकी. पण चंद्र त्याच्या वर आला नाही. पावणेपाचपर्यंत मी उभी होते, एकदाही पापणी मिटली नाही असं नाही सांगत, पण फार वेळा नाही. मग उजेड शेपटीकडे उतरत गेला आणि विझला. मी कंदील वर धरला नाही.

मी बराकीत आले. काकूंनी कॉफी केली, खरी कॉफी, जपून ठेवलेली. काकांनी अर्धा कप पिऊन विचारलं, पुन्हा एकदा बघायची गरज आहे का. मी म्हटलं, तुम्हाला हवं असेल तर पुढच्या महिन्यात पाहता येईल, पण तेव्हा सहीची मुदत संपलेली असेल. ते म्हणाले, "चंद्राशी भांडायला मी कोण? आण तो कागद." आणि ओढ्याच्या जागेसमोर सही केली. काकू त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. त्यांनी काकांच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, जणू चुकून लागला.

मी माझे सगळे आकडे दुसऱ्या कागदावर उतरवले आहेत. तपासशील ना?

तुझी
टोरगुन


ग्रोनशेर दीपगृह, २९ डिसेंबर १९४७

टोरगुन,

हे पत्र तू एकटी असताना वाच.

तुझे आकडे बरोबर आहेत. चूक माझी आहे.

आमच्या गच्चीवरून खाली पाहिलं की खडकाशी लागलेली होडी पायाखाली दिसते, आणि दूरचं जहाज क्षितिजाच्या रेषेवर. दोन्ही एकाच पाण्यावर, पण जवळचं खाली दिसतं. हे मी तुला शिकवलं होतं. सूर्य दूरचं जहाज आहे. चंद्र जवळची होडी. आकाशात दोघांची जागा एकच असली, तरी पृथ्वीच्या पाठीवर उभ्या असलेल्या आपल्याला चंद्र खाली दिसतो, आणि क्षितिजाजवळ तर जवळजवळ एक अंश खाली. चंद्राच्या दोन रुंदींइतका.

पंचांगात पानाच्या तळाशी हे छापलेलं आहे. मी ते वाचलं नाही. खरं म्हणजे मला ते दिसलं नाही. बारीक अक्षर मला गेल्या वसंतापासून दिसत नाही, टोरगुन. वरचे मोठे आकडे एमिलला विचारून घेतले, आणि तळाचं माझ्या लक्षात असायला हवं होतं, ते नव्हतं. मोज्याचीही तीच गोष्ट. तुला काळजी वाटेल म्हणून लिहिलं नाही.

म्हणजे चंद्र पुठ्ठ्यामागे राहिला तरी सूर्य राहीलच असं नाही. मी एमिलकडून पुन्हा सगळं वाचून घेतलं. माझ्या हिशेबाने जेटीवर ऊन मेणबत्तीच्या सणाआधी एक-दोन दिवस येईल.

तो माणूस पैज हरला नव्हता. काय करायचं ते तू ठरव.

मावशी


क्लुबविक, ९ जानेवारी १९४८

प्रिय मावशी,

डोळ्यांबद्दल तू मला आधी सांगायला हवं होतंस. मी रागावले नाही. थोडी रागावले आहे. तुला डॉक्टरकडे नेण्याबद्दल मी एमिलकाकांना वेगळं लिहिलं आहे.

चूक तुझी नाही. होडी आणि जहाज मलाही माहीत होतं. मी तिथे सव्वा तास उभी होते, चंद्र मला रोजच्यापेक्षा मोठा आणि जवळचा वाटत होता, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

काल काकू दूध आणायला गेल्या तेव्हा मी हार्टविगकाकांना सांगितलं. होडी-जहाजासकट सगळं सांगितलं. वाटलं होतं ते ओरडतील. ते जाळं दुरुस्त करत होते, ते करतच राहिले. मग म्हणाले, झालं ते झालं, तोंड बंद ठेव. मी म्हटलं, असं कसं बंद ठेवू? जेटीची जागा अजून कुणाला दिलेली नाही, मी चौकशी केली आहे. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कागद बदलता येतो. तुमची जागा तुम्हाला मिळायला हवी. ते म्हणाले, "तू फार चांगली आहेस, पोरी. कधी कधी माणसाला त्याचा त्रास होतो." मला रडू आलं आणि त्यांनी मला मासे पुसायचं फडकं दिलं, नाक पुसायला की टेबल पुसायला मला कळलं नाही.

त्यांना काकूंना दुखवायचं नाही, एवढंच आहे, असं मला वाटतं. म्हणून ते आपला हक्क सोडतात. पण एका माणसाचं समुद्राजवळचं घर माझ्या चुकीमुळे जावं आणि मी गप्प बसावं, हे मला जमणार नाही. तू मला असं शिकवलेलं नाहीस. मी जागा वाटणाऱ्या कार्यालयाला अर्ज लिहून ठेवला आहे, दोन पानी, आकड्यांसह. तीन फेब्रुवारीच्या बोटीने जाईल.

काकूंचं काय होईल, याचा विचार करते आणि मग करत नाही.

टोरगुन


क्लुबविक, १२ जानेवारी १९४८

दीपगृहाच्या बाईंना,

मी हार्टविग. तुमची भाची आमच्याकडे राहते. पत्र लिहायची सवय नाही, समजून घ्या.

तिला थांबवा. ती तुमचंच ऐकते. माझं ऐकत नाही, आणि पाद्रीबुवांचंही ऐकेल असं वाटत नाही.

जेटीवर माझी आमिष लावायची झोपडी होती. तीस वर्षं. जानेवारीच्या शेवटच्या दिवशी ऊन तिच्या दारात यायचं. आता हे माहीत असलेला मीच उरलो, बाकीचे कोणी समुद्रात, कोणी दक्षिणेत. म्हणून तर पैज मेणबत्तीच्या सणाची लावली. हरणारी पैज कोण लावतो? लबाडी होती, मान्य.

त्या दिवशी खिडकीतून पाहत होतो. ओलाउगचा कंदील वर गेला. पोरीचा गेला नाही. तुमचा चंद्र चुकला हे मला तेव्हाच कळलं. तोंड उघडणार होतो. पण बाई, मला असं वाटलं की कोणीतरी माझ्या खांद्यावरून ओला दोर उतरवून घेतला. जेटीवर घर घेतलं असतं तर रोज सकाळी होड्या निघताना कोणीतरी हाक मारली असती, येतोस का हार्टविग. आणि मी रोज म्हणालो असतो, उद्या. हा पाय आता होडीत जाणार नाही. हे मला माहीत आहे. पण हे मी म्हणायचं आणि चंद्राने म्हणायचं यात फरक आहे.

पोरीला हे सांगितलं तरी चालेल. तोंडाने सांगायला मला जमलं नाही. ओलाउगला कळू देऊ नका. तिला वाटेल तिने माझी जेटी घेतली, आणि ती उन्हाकडे पाठ करून भांडी घासेल.

काच पुसायच्या कामाबद्दल तुमच्या यजमानांचे आभार. विचार करतो.

हार्टविग


ग्रोनशेर दीपगृह, २४ जानेवारी १९४८

टोरगुन बाळ,

हे एमिलच्या हातचं आहे, मी सांगते आणि तो लिहितो, आणि मधेमधे आपलं घालतो. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस.

हार्टविगचं पत्र सोबत आहे. वाच आणि चुलीत टाक.

मी तुला शिकवलं की चुकलेला आकडा तसाच ठेवायचा नाही. वहीत ठेवायचा नाही, असं म्हणायला हवं होतं. वहीत दुरुस्त कर, मीही माझ्या वहीत एमिलकडून करून घेतला आहे. कार्यालयाला अर्ज पाठवू नकोस. तू ज्याला न्याय देणार आहेस, त्याला तो नको आहे.

तुला हे कठीण जाईल. तुला असं घडवलं, त्यात माझा हात आहे.

मावशी


क्लुबविक, २ फेब्रुवारी १९४८

प्रिय मावशी,

तुझं पत्र परवा मिळालं. सोबतचं काकांचं पत्र दोन वेळा वाचलं आणि चुलीत टाकलं. अर्जही टाकला. तो जास्त वेळ जळला, दोन पानं होती.

सत्तावीस तारखेपासून धुकं होतं. रोज दुपारी मुलं पटांगणात उभी राहायची आणि घोड्यामागे नुसती लाली पसरायची, गालिच्याखाली दिवा लावल्यासारखी. आज सकाळी पहिल्यांदा आभाळ उघडलं. शाळेला सुट्टी दिली, सूर्याच्या दिवशी द्यावीच लागते.

काकूंनी काकांना घसरगाडीवर बसवलं, कांबळ्यात गुंडाळून, आणि आम्ही तिघं ओढ्याच्या जागेवर गेलो. बर्फात चार खुंट्या ठोकल्या आहेत, एवढंच घर. काकूंनी मोजून पावलं टाकली आणि ओटा जिथे येईल तिथे उभ्या राहिल्या. हातात बशी आणि बशीत आठवड्याचं सगळं लोणी. पहिलं ऊन लोण्याला लागू द्यायचं, मग ते घरातल्यांनी चाटून खायचं, अशी इथली रीत. काका म्हणाले, रेशनचं लोणी आहे, सूर्याने जपून खावं.

अकरा वाजून गेल्यावर खोगिरात एक ठिणगी दिसली. मग ती ठिणगी राहिली नाही. मावशी, दहा आठवडे मी उजेडात राहत होते असं मला वाटत होतं, दिव्यांचा, बर्फाचा, निळा. तो उजेड नव्हता. ती आठवण होती. सगळ्यांच्या सावल्या एकदम मागे पडल्या, इतक्या लांब की माझ्या सावलीचं डोकं शाळेच्या भिंतीला टेकलं. काकूंनी डोळे मिटले. त्यांच्या तोंडावर ऊन होतं. लोणी एका कडेने चमकायला लागलं.

मग त्यांनी डोळे उघडले, आणि मी पाहिलं की त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत आहेत. जेटीच्या खांबांवर ऊन आलं होतं. बर्फ पिवळा झाला होता, पार तिथल्या रिकाम्या जागेच्या खुंट्यांपर्यंत.

काका पुढे, घोड्याकडे तोंड करून बसले होते. काकू माझ्याजवळ आल्या. हळूच विचारलं, "तुझा हिशेब चुकला का गं?"

मी खोटं बोलू शकत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, हो. एका अंशाने.

त्यांनी पुन्हा एकदा जेटीकडे पाहिलं.  मग म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस. आयुष्यभर तो मला काही म्हणणार नाही, आणि मला ते सोसणार नाही. मी त्याला उन्हाळ्यात रोज जेटीवर नेईन. पण आज सांगू नकोस."

 मला दोघांनी शपथ घातलेली नाही, पण दोघांचं गुपित माझ्याकडे आहे.

काकूंनी बशी माझ्या हातात दिली आणि घसरगाडीचा दांडा धरून ती हळूच फिरवली, म्हणजे काकांची पाठ जेटीकडे होईल. म्हणाल्या, इकडून वारा लागतो तुला. वारा नव्हता. काकांनी एकदा वर, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, कांबळं गळ्याशी ओढून घेतलं आणि म्हणाले, हो, लागत होता खरा. आणि काकूंनी फिरवलं तिकडे फिरले.

तुझी
टोरगुन